छक्की टाकली, पण कुठे?

मटार अर्धे सोलून झाले होते. दाणे वाडग्यात, सालं जुन्या वर्तमानपत्रावर, गॅसवर पाणी तापायला ठेवलेलं. ताई माझ्यासमोर फरशीवर बसल्या होत्या. एक शेंग बोटांत धरून पाच मिनिटं झाली, तरी ती काही उघडत नव्हती.

"ताई, शेंगेवर काही लिहिलंय का?"

"हं?"

"नाही, वाचताय म्हणून विचारलं."

एरवी एवढ्यावर त्यांनी मला दोन टोले हाणले असते. त्या दिवशी नुसत्या हसल्या, तेही अर्धवट. बुधवारची संध्याकाळ होती. गुरुवारी सकाळी दहा वाजता त्यांची एकोणतीस वर्षांची खुर्ची राहणार की जाणार ते ठरायचं होतं, आणि ते ठरणार होतं एका जुगाराच्या पुस्तकावरून. माझ्या रोजच्या वहीत हे लिहिताना माझाच हात थबकला. पानाच्या माथ्यावर देवाचं नाव आणि खाली जुगार!

पण आधी ताई कोण ते सांगायला हवं.

ताई म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. लग्न केलं नाही. आमच्याकडे राहतात असं लोक म्हणतात. खरं म्हणजे आम्हीच त्यांच्याकडे राहतो, कारण यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान उभं राहीपर्यंत घर ताईंनीच ओढलं. पुस्तकं काढणाऱ्या एका संस्थेत त्या मुद्रितं तपासतात, म्हणजे छापायला जाण्याआधीची कच्ची पानं वाचून चुका काढतात. कचेरीत त्यांना 'लाल पेन्सिल' म्हणतात. ती पेन्सिल कायम अंबाड्यात खोचलेली. एकदा तशाच झोपल्या, तर सकाळी उशीच्या अभ्र्यावर दोन ठिकाणी दुरुस्ती झालेली होती.

वाचतात कशा, तर खालून वर. शेवटच्या ओळीपासून सुरुवात. "वरून वाचलं की मन गोष्टीच्या मागे धावतं, आणि चूक आरामात बसून राहते," असं म्हणतात. भाजीवाल्याच्या पाटीवर खडूनं 'ताजि भाजी' लिहिलं होतं, ते त्यांनी भर रस्त्यात बोटानं पुसून नीट केलं. तेव्हापासून तो त्यांना एक जुडी वर देतो. कौतुकानं नव्हे, धाकानं.

त्यांचं लग्न ठरत आलं होतं तेव्हा मुलाचं पत्र आलं. दीड पान मजकूर, अकरा चुका. ताईंनी लाल पेन्सिलीनं सगळ्या दुरुस्त केल्या आणि खाली लिहिलं, 'मजकूर चांगला आहे. पुन्हा लिहून पाठवावा.' तो काही पुन्हा आला नाही. सासूबाई ही हकिगत सांगताना डोळ्यांना पदर लावायच्या आणि ताई शेजारी बसून खुदखुदायच्या. "वहिनी, अगं त्यानं 'आयुष्य' शब्दच चुकवला होता. तो घेऊन मी पुढे काय करणार होते?"

तर गेल्या वर्षी या संस्थेनं जपानी चित्रकथा आपल्या भाषेत आणायचं काढलं. मँगा म्हणतात त्यांना. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, "मागा? काय मागा?" ताई म्हणाल्या, "चष्मा मागा आणि वाचा." मी वाचायला घेतलं. पहिल्याच पानावर सगळे रडत होते, पुढे हळूहळू हसायला लागले, शेवटी तर एक मुलगी शीळ घालत शाळेत निघाली. मला फार बरं वाटलं. म्हटलं, देवानं सगळ्यांचं भलं केलं. ताई पोट धरून हसल्या. ही पुस्तकं मागच्या बाजूनं उघडायची आणि उजवीकडून डावीकडे वाचायची असतात. मी सुखापासून दुःखाकडे जायचं सोडून उलटी आले होते!

या विभागाचे प्रमुख दोन वर्षं जपानात राहून आलेले. भाषांतरही तेच करत. सगळे त्यांना जपानीसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हे, पण आपल्याला येतं ते दुसऱ्याला येत नाही याचा त्यांना जरा जास्तच आनंद. त्यांनी ठरवलं की पुढच्या महिन्यापासून चुका संगणक काढील आणि ताईंनी निवृत्तीपर्यंतची तीन वर्षं गोदामात पुस्तकांचे गठ्ठे मोजावेत. "मोजणं तुम्हाला जमेल," असं वर म्हणाले. एकोणतीस वर्षं शब्द चाळलेल्या बाईला! त्या रात्री ताई जेवल्या, भांडी विसळली, सगळं केलं. फक्त अंबाड्यातली पेन्सिल काढून फळीवर ठेवली. ते मला बघवलं नाही.

हातातलं शेवटचं काम म्हणून जुगारावरच्या दहा खंडांच्या एका चित्रकथेचा पहिला खंड त्यांच्याकडे आला. त्यातला खेळ समजल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून सांगते. मला कळला म्हणजे कुणालाही कळेल.

एका जुगारघराचा मालक आहे, पांढरे हातमोजे घालणारा म्हातारा. त्याच्याकडे दोन वेण्यांची एक शाळकरी मुलगी येते. तिची थोरली बहीण तिथे हरली आहे आणि आता अकरा वर्षं त्याच्या स्वयंपाकघरात भांडी घासणार आहे. धाकटी त्या अकरा वर्षांसाठी खेळायला बसते. दोघांकडे सहा-सहा पानं, एक ते सहा आकड्यांची. फेऱ्या तीन. प्रत्येक फेरीत एक पान पटावर ठेवायचं आणि एक शेजारच्या झाकणाच्या वाडग्यात. पटावर ज्याचं पान मोठं, त्याची फेरी. दोन फेऱ्या जिंकल्या की डाव जिंकला.

पण जिंकून काय मिळतं? जिंकणाऱ्याच्या वाडग्यातल्या पानांची बेरीज, तेवढी वर्षं. इथेच सगळी मेख आहे. मोठी पानं पटावर उधळली तर डाव हातात येतो, पण वाडग्यात उरते चिल्लर. मोठी पानं वाडग्यात घातली तर वर्षं भरपूर, पण डावच जातो. धाकटी हरली तर म्हाताऱ्याच्या वाडग्यात जितकी वर्षं, तितकी तिनंही बहिणीशेजारी उभं राहून भांडी घासायची.

भाषांतरात होतं ते असं: पहिल्या फेरीत 'ती छक्की पटावर टाकते!' छक्की म्हणजे सहाचं पान. पण शेवटच्या पानावर वाडगा उघडतात तर आत सहा, तीन आणि दोन. बेरीज अकरा, बहीण सुटली. एकच छक्की पटावरही आणि वाडग्यातही! बरं, चित्रात बघावं तर नुसते डोळे, घाम आणि बोटं. पान पडलं कुठे, ते चित्रकारानं मुद्दाम झाकलेलं.

सोमवारी ताई पानं घेऊन जपानीसाहेबांच्या टेबलापाशी गेल्या.

"मूळ लेखकाचीच चूक आहे ती," साहेब म्हणाले. "होतं असं. चित्रकथा आहे ताई, गणिताचं पुस्तक नाही."

"पण पहिल्या फेरीत म्हाताऱ्यानंही छक्कीच खेळलीये. छक्कीला छक्की, मग तो फेरी जिंकल्यासारखा हसतो कशाला?"

"त्याला हसायची सवय असेल."

"पण ज्यानं दोनशे पानं पानांचाच हिशेब मांडलाय, तो शेवटच्या पानावर घसरेल?"

"तुम्हाला जपानी येतं?"

"नाही. पण..."

"पण, पण, पण! तुमचा पण काही संपत नाही."

खरंच आहे ते. ताईंच्या बोलण्यात 'पण' फार. पण जन्मभर नुसता पण म्हणणाऱ्या बाईनं त्या दुपारी पण लावला. सगळ्या कचेरीसमोर म्हणाल्या, "चूक मूळ लेखकाची निघाली तर मी उद्याच्या उद्या खुर्ची सोडते. गोदामही नको, तीन वर्षंही नकोत. पण चूक आपली निघाली, तर छपाई थांबवायची, मी सांगेन तशी दुरुस्ती करायची, आणि उरलेले नऊ खंड माझ्या पेन्सिलीखालून गेल्याशिवाय छापायचे नाहीत."

"गुरुवारी दहाला पानं छपाईला जातात," साहेब म्हणाले. "तोवर सिद्ध करा."

मूळ जपानी पुस्तक ताईंनी मागून घेतलं आणि पिशवीत घालून घरी आणलं.

"पैज लावली? ताई, तुम्ही?" मी कपाळावर हात मारला. सासूबाईंच्या राज्यात या घरात पत्ता म्हणजे फक्त टपालाचा. आम्ही कुणी कधी पान हातात धरलेलं नाही. ताईंनी वाया गेलेल्या मुद्रितांच्या चौकोनी चिठ्ठ्या कापल्या, त्यावर आकडे घातले आणि म्हणाल्या, "वहिनी, तू म्हातारा हो."

मी म्हातारा झाले. हे दुकानातून आले तेव्हा मी हातमोजे म्हणून स्वयंपाकघरातली फडकी हातांना गुंडाळून बसले होते.

"हे काय चाललंय?"

"जुगार," ताई शांतपणे म्हणाल्या. "तू पाय धुऊन ये."

हे शेजारी टेकले, थोडा वेळ बघितलं आणि बोलून गेले, "अगं ती छक्की आधी उतरवायची नसते. पंजीनं वाट बघायची, चव्वीनं चाचपायचं."

"तुम्हाला कसं हो ठाऊक?" मी विचारलं.

"ऐकून आहे."

"कुणाकडून?"

"घड्याळांकडून," असं म्हणून हे पाय धुवायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. बत्तीस वर्षांच्या संसारात मला ही बातमी अशी कळली.

सोमवारी आणि मंगळवारी आम्ही तो डाव निदान चाळीस वेळा मांडला. भाषांतरात लिहिल्याप्रमाणे खेळलं की प्रत्येक वेळी गाडी अडायची. छक्की पटावर गेली की वाडग्यात काहीही करा, अकरा होतात ते धाकटी हरूनच. नाहीतर धाकटी जिंकते आणि अकरा होत नाहीत. मंगळवारी ताईंनी पहिल्यांदाच म्हटलं, "असेल बाई लेखकाचीच चूक." मी देवापुढे बसले, पण मागायचं काय? जुगारात जिंकव असं देवाला कसं सांगायचं? शेवटी हात जोडून म्हटलं, "देवा, हे जुगारासाठी नाही रे. हे शुद्धलेखनासाठी आहे."

आणि बुधवारी आम्ही मटार सोलायला बसलो.

पाणी उकळलं. मी कांदा चिरत होते. मान वर न करता म्हटलं, "ताई, टाका आता ते."

त्यांनी टाकले. सालं उकळत्या पाण्यात आणि दाणे कचऱ्याच्या बादलीत.

"अहो ताई! काय केलंत हे?"

"तूच म्हणालीस ना, टाका."

"दाणे टाका म्हणजे पाण्यात टाका! सालं टाका म्हणजे बादलीत टाका!"

"दोन्हीला टाकाच?"

"मग काय म्हणतात? मीठ टाकतो, साल टाकतो. ज्याचं त्याला कळतंच की कुठे ते."

ताई उठून उभ्या राहिल्या. पातेल्यात सालं रटरटत होती आणि त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, जसं मी काहीतरी संस्कृत बोलले.

"ज्याचं त्याला कळतं," त्या हळूच म्हणाल्या. "समोर पातेलं आणि बादली दिसत असेल तर कळतं. वहिनी, साहेबांनी सगळीकडे 'टाकलं'च लिहिलंय. पटावर तेही टाकलं, वाडग्यात तेही टाकलं!"

गॅस बंद केला. कांदा तसाच राहिला. जमिनीवर डावीकडे आपली पानं, उजवीकडे मूळ पुस्तक. ताईंना जपानी येत नाही, पण अक्षराचं वळण ओळखणं हाच त्यांचा धंदा. आपल्याकडे जिथे जिथे 'टाकलं, टाकली, टाकते' होतं, तिथे तिथे मूळ चौकटीत कोणतं चिन्ह आहे ते बोट ठेवून बघायला लागल्या. अर्ध्या तासात चित्र स्पष्ट झालं. चिन्हं दोन होती. एक असं, की एका डोंगरावर दुसरा डोंगर ठेवावा. दुसरं म्हणजे छप्पर असलेलं छोटंसं घर आणि शेजारी आकडीसारखा वाकलेला खांब. त्या सांगत गेल्या, मी वहीच्या मागच्या पानावर रेघा ओढत गेले.

"डोंगर किती?"

"सतरा."

"घरं?"

"चौदा."

"आणि आपल्याकडे 'टाक' किती?"

मी दोनदा मोजले. "एकतीस."

शेवटच्या पानावर वाडग्यातून निघालेली तीन पानं होती सहा, तीन, दोन. त्यातली धाकटीची तीन आणि दोन ही पानं मागच्या फेऱ्यांत जिथे जिथे आली, तिथे प्रत्येक वेळी घराचंच चिन्ह होतं. म्हणजे घर म्हणजे वाडगा, डोंगर म्हणजे पट. मग ताईंनी पहिली फेरी उघडली. छक्कीची चौकट.

घर!

आणि 'पट' या शब्दाचं जे चिन्ह बाकी पानांवर सापडत होतं, ते या चौकटीत नव्हतंच. 'पटावर' हा शब्द आपल्याच माणसानं घुसडलेला.

चिठ्ठ्या पुन्हा मांडल्या. या वेळी मुलगी झाले नुकतेच दुकानातून आलेले हे, म्हातारा मी. पहिली फेरी: मुलगी एक्का पटावर ठेवते, छक्की गुपचूप वाडग्यात. म्हातारा पटावर सहा ठेवून जिंकतो आणि हसतो. हसणारच! त्याला वाटतं, पोरीकडे दम नाही. दुसऱ्या फेरीत तो हावरटपणानं पाच वाडग्यात घालतो आणि पटावर तीन. मुलीची चव्वी त्याला खाते. तिसऱ्या फेरीत त्याच्याकडे उरतात चार आणि दोन, तो चार काढतो आणि मुलगी पाच. डाव तिचा. वाडगा उघडला: सहा, तीन, दोन.

"अकरा!" आम्ही तिघंही एकदम ओरडलो. शेजारीण दारात येऊन विचारून गेली, काय झालं म्हणून. मी टाळ्या वाजवत होते, कांद्याच्या हातांनी. डोळ्यांतलं पाणी कांद्याचंच होतं, असं मी वहीत लिहून ठेवलं आहे.

आता शब्द हवे होते, दोन वेगळे. पटावरच्यासाठी ताईंनी 'मांडली' घेतलं. वाडग्यातल्यासाठी काही पटेना. घातली, लपवली, बुडवली, सगळी होऊन गेली. मी म्हटलं, "सोडली म्हणा ना. हातातलं मोठं पान सोडायचं म्हणजे जिवावर येतं माणसाच्या. आणि या खेळात सोडलेलंच तर शेवटी पदरात पडतं."

ताईंनी अंबाड्याकडे हात नेला. पेन्सिल तिथे नव्हती. फळीवरून ती मीच काढून दिली.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण गुरुवारी दुपारी ताई दारात चपलांसकट उभ्या राहून ज्या सांगत सुटल्या, त्यात एक स्वल्पविराम गाळला नसेल.

साडेनऊला त्यांनी एकतीस चौकटींची यादी साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेब आधी हसले. मग चष्मा लावला. मग खणातून स्वतःच्या भाषांतराची वही काढली. पहिल्या खर्ड्यात नुसतं होतं, 'ती छक्की टाकते.' वर निळ्या शाईनं, नंतर घातलेलं, 'पटावर'.

"मीच घातलंय," साहेब म्हणाले. "वाचताना मला वाटलं, टाकते ठीक आहे, पण कुठे? म्हणून स्पष्ट केलं."

"म्हणजे तुम्ही दुरुस्ती करताना तुमचंच वाचलंत, त्याचं नाही."

सगळी कचेरी माना खाली घालून ऐकत होती. साहेबांनी मूळ पुस्तक उघडलं, बोट ठेवून चौकट वाचली आणि पुस्तक मिटलं. मग छपाईला फोन लावला: आज पानं येणार नाहीत, आठ दिवसांनी येतील. फोन ठेवून उठले, ताईंची खुर्ची स्वतः ओढून पुढे केली आणि म्हणाले, "बसा."

"ताई, जपानीचा एक शब्द येत नाही तुम्हाला. कळलं कसं?" त्यांनीच विचारलं.

"आमच्या वहिनीनं मटार टाकायला सांगितले."

साहेबांना काही कळलं नाही, आणि ताईंनीही समजावलं नाही. बसता बसता एवढंच म्हणाल्या, "तुम्ही म्हणाला होतात ना, मोजणं मला जमेल? जमलं. सतरा आणि चौदा."

तेव्हा मात्र साहेबही हसले म्हणे, मनापासून. आणि संगणक? तो राहणार आहे. आधी तो बघेल, मग त्याच्या चुका ताई बघतील. गोदामातले गठ्ठे दुसरं कुणीतरी मोजेल.

संध्याकाळी हे मटार घेऊन आले, दुप्पट. बहिणीसमोर पिशवी ठेवून म्हणाले, "घे, आणि या वेळी सोड पाण्यात."

"सोलून मांड आधी," ताई म्हणाल्या.

दोघं भावंडं अशी हसत होती, जशी शाळेतून नुकतीच घरी आली आहेत. मी देवापाशी दिवा लावला आणि सांगितलं, शुद्धलेखनाचं झालं बरं का. मग वही उघडली. तारीख घातली, देवाचं नाव घातलं, आणि खाली, हात न थबकता, लिहिलं: आज ताई जिंकल्या.

त्यावर ताईंनी मागून डोकावून 'जिंकल्या'वरचा राहून गेलेला अनुस्वार दिला. देता देता पेन्सिलीचं टोक मोडलं. तासायला घेतली तर ती करंगळीच्या पेराएवढीच उरलेली. नऊ खंड व्हायचे आहेत अजून. पिशवी उचलली, चपला घातल्या, आणि दुकान बंद व्हायच्या आत पोचायला हवं म्हणत ताई कोपऱ्यावरच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात दोन डझन लाल पेन्सिली आणायला गेल्या.